स्ट्रीत्सलमार्क्ट: पावाचं नाव लागलेला बाजार

जर्मनीतल्या ड्रेसडेन शहराच्या नाताळ बाजाराला स्ट्रीत्सलमार्क्ट म्हणतात. स्ट्रीत्सल हा लांबट गोड पाव. आज त्याला श्टोलन म्हणतात. बाजाराची सुरुवात मात्र पावापासून झाली नाही. १४३४ साली सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राज्यकर्ता) दुसरा फ्रीडरिश याने नाताळच्या तोंडावर एका दिवसाच्या बाजाराला परवानगी दिली, ती मांसविक्रीसाठी. नाताळाआधीचे आठवडे उपवासाचे असत आणि उपवास सुटला की घरोघरी मांस लागे.

या उपवासाला लोणी चालत नसे. त्यामुळे श्टोलनमध्ये पीठ, यीस्ट, पाणी आणि तेल, एवढंच पडे. तेलही मोहरीच्या कुळातल्या बियांचं, उग्र. राज्यकर्त्यांनी रोमकडे विनवण्या केल्या. अखेर १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोण्याला मुभा दिली. बदल्यात चर्चला पैसे भरायचे. हेच ते प्रसिद्ध 'लोण्याचं पत्र'.

श्टोलनचं आजचं रूप या सवलतीतून आलं. अस्सल ड्रेसडेन श्टोलनला १ किलो मैद्यामागे निदान ५०० ग्रॅम लोणी, ६५० ग्रॅम बेदाणे, २०० ग्रॅम संत्र्या-लिंबाच्या पाकवलेल्या साली आणि १५० ग्रॅम बदाम लागतात, मार्जरिन (लोण्याऐवजी वापरतात ती कृत्रिम चरबी) वर्ज्य. इतक्या लोण्यात यीस्ट दबतं, म्हणून थोडं पीठ, दूध आणि यीस्ट आधी वेगळं फुगवून घेतात. बेदाणे सगळ्यात शेवटी, हलक्या हाताने घालायचे. जोर लावला तर ते फुटतात आणि कणीक काळपट पडते. वर डोकावणारे बेदाणे भट्टीत करपून कडू होतात, ते खुडून टाकावे लागतात. भाजल्यावर वितळलेलं लोणी आणि साखर लावून दोन ते चार आठवडे थंड जागी मुरवतात. विकत घेताना अस्सलपणाचा सोनेरी लंबगोल शिक्का पाहावा. कापताना मधोमध कापावा, मधले काप काढावेत आणि दोन्ही अर्धुकं पुन्हा जुळवून ठेवावीत, म्हणजे कापलेली बाजू सुकत नाही.

बाजारातली लाकडी खेळणी एर्त्सगेबिर्ग डोंगरातली. तिथल्या खाणींचं उत्पन्न आटलं तशी जायफेन गावाच्या परिसरातली कुटुंबं लाकूडकामाकडे वळली. त्यांचा मेणबत्त्यांवर फिरणारा मनोरा जवळून पाहण्यासारखा आहे: खाली मेणबत्त्या, वर तिरक्या पात्यांचं चक्र. गरम हवा वर चढते, पाती ढकलते आणि मधल्या दांड्यावरच्या बाहुल्या फिरू लागतात. पात्यांचा कोन बिघडला किंवा वारा आला की मनोरा थांबतो. ज्योत पात्यांच्या फार जवळ गेली तर लाकूड करपतं, म्हणून मेणबत्ती ठरलेल्या मापाचीच हवी. बाजारातला मोठा मनोरा तब्बल १४.६२ मीटर उंच आहे.

१३ ते १५ फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यांत आल्टमार्क्ट हा जुना चौक उद्ध्वस्त झाला. पुढची अनेक वर्षं बाजार जागा बदलत राहिला आणि नंतर याच चौकात परतला. आता तो महिनाभर भरतो. पण २४ डिसेंबरला दुपारीच दुकानं आवरतात, कारण ती संध्याकाळ घरात साजरी होते. नाताळच्या दिवशी बाजार बघू असं ठरवून गेलेल्याला तिथे रिकामा चौकच दिसतो.