अंशकालीन अध्यापक : ग्रंथालय व माहितीशास्त्र शिक्षणातील

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या अध्यापन विभागात पूर्णवेळ नेमणूक नसलेला, एखाद्या विषयापुरता किंवा ठरावीक तासिकांपुरता शिकवणारा अध्यापक. बहुधा तो स्वतः ग्रंथालयात, अभिलेखागारात किंवा माहिती केंद्रात नोकरी करत असतो आणि ते काम सांभाळून शिकवतो. मराठीत अंशकालीन, मानद, अभ्यागत, अतिथी, तासिका तत्त्वावरील असे अनेक शब्द चालतात, पण ते समानार्थी नाहीत. मानद अध्यापक वेतन घेत नाही, अभ्यागत अध्यापकाची कायम जागा सहसा अन्य संस्थेत असते, तर तासिका तत्त्वावरील अध्यापकाला घेतलेल्या तासांचे मानधन मिळते. इंग्रजी ‘ॲडजंक्ट’ हा शब्द ‘जोडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला असून त्याचे मूळ संस्कृत ‘युज्’ धातूशी नाते सांगते. त्या दृष्टीने ‘संलग्न अध्यापक’ हा पर्याय अर्थाला जवळचा आहे. परंतु ‘संलग्न’ म्हटले की महाविद्यालयच डोळ्यांपुढे येते, म्हणून येथे ‘अंशकालीन’ हाच शब्द वापरला आहे.

या प्रथेचा आरंभ दोन ठिकाणांहून मोजता येतो. पहिली मांडणी तो १८८७ पर्यंत मागे नेते. मेल्व्हिल ड्यूई यांनी ५ जानेवारी १८८७ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथालय-व्यवस्थेचे विद्यालय उघडले. पहिल्या वर्गात २० विद्यार्थी होते आणि त्यांपैकी १७ स्त्रिया होत्या. ड्यूई हे त्याच कॉलेजाचे ग्रंथपाल. शिकवण्यात त्यांच्या ग्रंथालयातील सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता, शिवाय बाहेरचे ग्रंथपाल व्याख्यानापुरते येत. त्याआधी १८८६ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेन येथे कार्ल जिआत्स्को यांच्यासाठी या विषयाचे अध्यासन निर्माण झाले होते. तेही विद्यापीठ ग्रंथालयाचे संचालक होते. भारतातील आरंभीचे वर्गही याच वळणाचे होते. बडोद्यात १९११ मध्ये विल्यम बॉर्डन यांनी, तर लाहोरला १९१५ मध्ये आसा डॉन डिकिन्सन यांनी वर्ग घेतले. ग्रंथालयाची घडी बसवणे हे दोघांचेही मुख्य काम होते. मद्रास ग्रंथालय संघाचे १९२९ मधील विद्यालय चालवणारे शि. रा. रंगनाथन हेसुद्धा त्या वेळी मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होते.

या सर्वांना अंशकालीन म्हणणे मात्र तितकेसे बरोबर नाही. पूर्णवेळ अध्यापक हा नमुनाच जिथे अस्तित्वात नाही, तिथे अंशकालीन या शब्दाला पकड राहत नाही. दुसरी मांडणी म्हणून १९२३ या वर्षावर बोट ठेवते आणि ती अधिक ग्राह्य वाटते. त्या वर्षी चार्ल्स विल्यम्सन यांचा कार्नेगी निधीसाठी केलेला अहवाल प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील १५ ग्रंथालय विद्यालयांची पाहणी करून त्यांनी दोन गोष्टी ठामपणे मांडल्या : अध्यापकांची शैक्षणिक पात्रता तोकडी आहे, आणि हे शिक्षण ग्रंथालयांच्या छत्राखालून विद्यापीठात गेले पाहिजे. १९२६ मध्ये ऑल्बनी व न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालय येथील विद्यालये एकत्र करून कोलंबिया विद्यापीठात नवे विद्यालय झाले आणि विल्यम्सनच त्याचे अधिष्ठाता झाले. १९२८ मध्ये शिकागो विद्यापीठात डॉक्टरेटपर्यंतचे शिक्षण देणारे विद्यालय सुरू झाले. संशोधन करणारा पूर्णवेळ अध्यापक हा मानदंड येथे ठरला, आणि तोवर ‘अध्यापक’ असलेला नोकरदार ग्रंथपाल या मानदंडापुढे ‘अंशकालीन’ झाला. ब्रिटनमध्ये व्यावसायिक संघाच्या परीक्षांचे वर्चस्व दीर्घकाळ टिकल्याने हा बदल उशिरा, १९४६ नंतर पूर्णवेळ विद्यालये निघू लागल्यावर झाला.

अंशकालीनांचे प्रमाण किती, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण उत्तर मोजण्याच्या पद्धतीवर ठरते. एक काल्पनिक विभाग घेऊ. त्यात ८ पूर्णवेळ अध्यापक वर्षाला प्रत्येकी ४ विषय शिकवतात आणि २४ अंशकालीन अध्यापक प्रत्येकी एक. डोकी मोजली तर अंशकालीन ७५ टक्के. विषय मोजले तर ५६ पैकी २४, म्हणजे सुमारे ४३ टक्के. पूर्णवेळ अध्यापकाचा अर्धा वेळ संशोधन व प्रशासनाचा मानून एका पूर्ण जागेची किंमत ८ विषय धरली, तर २४ विषय म्हणजे ३ जागा. ११ पैकी ३, सुमारे २७ टक्के. विभाग तोच, तिन्ही आकडे खरे, आणि तरी पहिला काळजीत पाडतो तर तिसरा निश्चिंत करतो. म्हणून प्रमाणाचा कोणताही आकडा पाहताना भाजक काय धरला आहे ते आधी पाहावे. अमेरिकन विद्यापीठीय प्राध्यापकांच्या संघाने १९९३ मध्ये कायमपदाच्या वाटेवर नसलेल्या अध्यापकांसाठी मर्यादा सुचवली : संस्थेतील एकूण अध्यापनाच्या १५ टक्के, एका विभागात २५ टक्के. ती विषयांच्या हिशेबाच्या जवळची आहे आणि त्यात असे पूर्णवेळ अध्यापकही येतात. अमेरिकन ग्रंथालय संघाचे अधिस्वीकृती निकष, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देण्याच्या कसोट्या, टक्केवारी देत नाहीत. अध्यापन, संशोधन व सेवा यांचा मोठा वाटा पूर्णवेळ अध्यापकांनी उचलावा आणि अंशकालीनांनी त्यांच्या क्षमतांना पूरक व्हावे, विशेषतः विभागात तज्ज्ञ नसलेल्या विषयांत, एवढेच ते सांगतात. ‘मोठा वाटा’ म्हणजे किती, हे विभागाने पटवून द्यायचे असते. ही लवचीकता सोयीची आहे, पण तिच्या आडून कायम जागा रिकाम्या ठेवणेही सोपे जाते.

पूरक या शब्दाचा अर्थ तालिकीकरणाच्या, म्हणजे ग्रंथांच्या नोंदी तयार करण्याच्या, प्रात्यक्षिकात चांगला दिसतो. मार्क २१ या संगणकीय नोंदींच्या आराखड्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचे क्षेत्र असते. शीर्षकाचे क्षेत्र २४५. त्याचा दुसरा निर्देशक, म्हणजे क्षेत्राच्या आरंभी लिहिलेला सांकेतिक अंक, वर्णक्रम लावताना आरंभीची किती स्थाने वगळायची ते सांगतो. शीर्षक इंग्रजी ‘द’ या उपपदाने सुरू होत असेल तर विद्यार्थी तीन अक्षरे मोजून ३ लिहितो. बरोबर उत्तर ४, कारण उपपदानंतरची मोकळी जागाही मोजायची असते. रोज नोंदी तपासणारा तालिकाकार ही चूक विद्यार्थ्याच्या खांद्यावरून नुसती नजर टाकून पकडतो. मराठीत असे उपपद नाही, त्यामुळे मराठी शीर्षकांना एरवी ० लागतो, हेही तो जाता जाता सांगतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३१ मार्च २०१३ रोजी आरडीए ही तालिकीकरणाची नवी नियमावली अंगीकारली. आशय, माध्यम व वाहक यांच्यासाठी ३३६, ३३७ व ३३८ ही क्षेत्रे रोजच्या कामात आली, तेव्हा अशा नोंदी हाताखालून गेलेला माणूस वर्गात असणे फार मोलाचे होते. अभिलेख-जतन, वैद्यकीय व विधी ग्रंथालये, अंकीय संग्रह या विषयांतही हेच घडते.

वर्गाबाहेर चित्र बदलते. अंशकालीन अध्यापकाचा करार बहुधा एका सत्रापुरता असतो. तासिकेचे मानधन मिळाले तरी तयारी, उत्तरपत्रिका आणि विद्यार्थ्याच्या शंकांना दिलेला वेळ त्यात क्वचितच धरला जातो. स्वतंत्र बसण्याची जागा नसते, अभ्यासमंडळावर आवाज नसतो. जो विषय तो वर्षानुवर्षे शिकवतो, त्याचा अभ्यासक्रम इतरांनी ठरवलेला असतो. भरघोस पगाराच्या ग्रंथपालाला हे सुसह्य होते. तीन ठिकाणी तासिका घेऊन घर चालवणाऱ्या पदवीधराला नाही, आणि दोघांना एकाच शब्दाने ओळखणे हा या विषयावरील चर्चेतला मोठा दोष आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अनेक विद्यालये बंद पडली. कोलंबियाचे विद्यालयही १९९२ मध्ये मिटले. पुढे ऑनलाइन अभ्यासक्रमांमुळे अध्यापक विद्यापीठाच्या गावात राहणारा असण्याची गरज उरली नाही. दुर्मीळ विषयाचा तज्ज्ञ दूरच्या विभागाला मिळू लागला. मात्र पूर्वी संध्याकाळच्या तासाला येणारा ग्रंथपाल चहाच्या वेळी सहकाऱ्यांशी बोलत असे, निकालाच्या बैठकीत कधी बसत असे. दूरवरच्या अध्यापकाची विभागाशी ओळख सत्रारंभीच्या ईमेलपुरती राहते. शिफारसपत्र मागायला आलेल्या विद्यार्थ्याला पुढच्या सत्रात तो सापडेलच असे नाही.