सुटत आलेल्या सवयीला फुकटची पुडी

महिनाभर खर्रा सोडलेला माणूस जुनी उधारी चुकती करायला पानठेल्यावर येतो, हिशेब मिटतो आणि ठेलेवाला ओळखीपोटी ताजी घोटलेली पुडी त्याच्या हातावर ठेवतो, "राहू द्या भाऊ, पैसे नको." असा प्रसंग विदर्भातल्या कोणत्याही गावात घडू शकेल. ऑनलाइन कॅसिनोचे खाते बंद करू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला जाता जाता बोनस देऊ करावा का, हा प्रश्न मला या पुडीचाच वाटतो, आणि त्याचे उत्तर नीतिशास्त्राआधी प्रयोगशाळेत सापडते.

हॅरिएट डी विट आणि जेन स्टुअर्ट या संशोधिकांनी 1981 मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दांडी दाबली की कोकेन मिळते हे उंदीर शिकले होते. पुढे दांडी दाबूनही कोकेन मिळेनासे झाले, तेव्हा त्यांचे दाबणे हळूहळू थांबले. मग संशोधिकांनी उंदराने काहीही न करता त्याला कोकेनची एक मात्रा आयती दिली, आणि विझलेली सवय पुन्हा उफाळली. दांडीतून काही मिळत नसतानाही उंदीर ती दाबू लागला. सवय थांबते तेव्हा जुने शिकलेले पुसले जात नाही, त्यावर नवे शिकणे फक्त झाकणासारखे बसते, आणि फुकटची मात्रा नेमके ते झाकण उचलते.

जुगारात हे झाकण मुळातच हलके असते. दर वेळी फळ देणारी कृती फळ थांबताच लवकर सुटते. अधूनमधून आणि अनियमित फळ देणारी कृती मात्र फार काळ टिकते, हे मानसशास्त्रात वारंवार दिसलेले आहे. (कोरडवाहू शेतकऱ्याची पुढच्या हंगामाची आशा निराळी; तिच्यामागे माती आणि बियाणे यांचा अनुभव असतो, तर रूलेट या जुगारातल्या आकड्यांच्या फिरत्या चाकाला मागचा डाव आठवत नाही.) अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या वर्गीकरणाने जुगाराच्या विकाराला व्यसनांच्या प्रकरणात बसवले, ते उगीच नव्हे.

शिवाय बोनस बहुधा थेट काढून घेता येत नाही. समजा, 1,000 रुपयांचा बोनस 40 पट खेळल्यावरच हाती येणार आहे. एकच शून्य असलेल्या रूलेटवर कॅसिनोचा वाटा 37 रुपयांमागे 1 रुपया असतो. म्हणजे 40,000 रुपयांच्या डावांत सरासरी सुमारे 1,080 रुपये जातात. बोनस त्यातच संपतो, आणि सवय परतते ती वेगळीच.

ब्रिटनने यावर नियम केले आहेत. 31 मार्च 2020 पासून तिथल्या परवानाधारक ऑनलाइन जुगार कंपन्यांना गॅमस्टॉप नावाच्या सामाईक नोंदीत सामील व्हावे लागते. तिथे नाव नोंदवून स्वतःला जुगारातून 6 महिने, 1 वर्ष किंवा 5 वर्षे वगळून घेणाऱ्याला त्या मुदतीत निर्णय फिरवता येत नाही. आपल्याकडे 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला कायदा पैशांवरचे ऑनलाइन खेळ, त्यांची जाहिरात आणि त्यांचे व्यवहार या तिन्हींना मनाई करतो.

तरीही प्रोत्साहन ही कल्पनाच वाईट, असे म्हणता येणार नाही. अमेरिकेत स्टीफन हिगिन्स यांनी 1990 च्या दशकात कोकेनच्या रुग्णांना लघवीची तपासणी स्वच्छ आली की वस्तूंसाठीची कुपने दिली. सलग स्वच्छ तपासण्यांबरोबर कुपनांचे मोल वाढे आणि एक चूक झाली की ते पुन्हा सुरुवातीइतके होई. रुग्ण उपचारात जास्त टिकले. म्हणजे बक्षीस न खेळण्याला बांधले तर ते औषध ठरू शकते. मात्र ते कॅसिनोच्या हातून मिळू नये असे माझे मत आहे, कारण कॅसिनोचे नाव, रंग आणि मोबाइलवरचा आवाज हीच ओढ चाळवणारी खूण असते. आणि खाते मिटवण्याला रोकड मिळू लागली, तर मिटवण्यासाठीच खाती उघडणारेही निघतील.

कापसाचा चुकारा खात्यात पडलेल्या आठवड्यात ज्याने हे खाते बंद केले, त्याला कॅसिनोकडून एकच संदेश यावा: खाते बंद झाले, शिल्लक रक्कम बँकेत जमा केली. ओढ अनावर झाली तर बोलायला 14416 या क्रमांकावर टेलिमानसची सरकारी मदतसेवा आहे.