कोणते लिनक्स घ्यावे? आधी भांडार पाहावे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि तेव्हापासून बडोद्यात दांडिया बाजारातले परिचित मला एकच प्रश्न विचारत आहेत: जुना संगणक धडधाकट आहे, पण विंडोज ११ त्यावर चालत नाही, तर विंडोजऐवजी संगणक चालवणाऱ्या, मोफत मिळणाऱ्या लिनक्सपैकी कोणते घ्यावे? कोणाला उबुंटूचा रंग आवडलेला असतो, कोणाला मिंटची विंडोजसारखी खालची पट्टी. पडद्याचे रूप बहुतेक लिनक्समध्ये नंतरही बदलता येते. आणि यंत्र व प्रोग्रॅम यांना जोडणारे, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले कर्नल तर सर्वांत मुळात एकच आहे. निवड करायची असते ती भांडाराची, म्हणजे प्रोग्रॅम जिथून येतात त्या साठ्याची.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणले आणि पुढे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. गावच्या वाचकाला ग्रंथ निवडत बसावे लागत नसे. ते काम मध्यवर्ती ग्रंथालयात आधीच झालेले असे. लिनक्सच्या प्रत्येक वितरणाचेही (उबुंटू, मिंट यांसारख्या तयार संचाचे) असेच एक भांडार असते, आणि त्याला ग्रंथपालांची, म्हणजे ते सांभाळणाऱ्यांची, गरज का पडते हे समजून घेण्यासारखे आहे.

कोणताही प्रोग्रॅम सहसा एकटा चालत नाही. छायाचित्रे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला चित्र उलगडणारी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) लागते, तिला आणखी एक, आणि प्रत्येकीची विशिष्ट आवृत्तीच चालते. एका प्रोग्रॅमला त्या लायब्ररीची दुसरी आवृत्ती हवी आणि दुसऱ्याला पहिलीच हवी असेल, तर दोघे एकत्र नांदू शकत नाहीत. प्रत्येक पॅकेजसाठी, म्हणजे भांडारातल्या प्रत्येक प्रोग्रॅम वा लायब्ररीच्या गठ्ठ्यासाठी, ‘घ्यावे’ किंवा ‘घेऊ नये’ असे एक विधान मानले, तर या साऱ्या अटी एकाच वेळी पाळणारी निवड शोधणे हे तर्कशास्त्रातील पूर्ततेच्या प्रश्नासारखे होते, आणि तो एनपी-कम्प्लीट आहे. म्हणजे त्याची सर्व उदाहरणे झटपट सोडवणारी पद्धत कोणालाही ठाऊक नाही. तरीही डेबियन, उबुंटू व मिंटमध्ये पॅकेजे बसवणारा ‘एपीटी’ हा प्रोग्रॅम काही क्षणांत उत्तर देतो, कारण परस्परांशी जुळणारा संच ग्रंथपालांनी आधीच रचून ठेवलेला असतो.

डेबियन या वितरणात नवे पॅकेज प्रथम ‘अनस्टेबल’ भांडारात येते. निकडीप्रमाणे साधारण २, ५ किंवा १० दिवसांत गंभीर दोष आढळला नाही आणि इतर पॅकेजांची घडी मोडली नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. सुमारे दोन वर्षांनी तो संच गोठवून ‘स्टेबल’ जाहीर होतो. पुढे आवृत्त्या सहसा बदलत नाहीत, सुरक्षेची दुरुस्ती तेवढी जुन्याच आवृत्तीत शिवली जाते. म्हणून आवृत्तीचा आकडा जुना दिसला तरी तिला असुरक्षित समजू नये. फेडोरा हे दुसरे वितरण दर सहा महिन्यांनी नवा संच देते व तो सुमारे १३ महिने सांभाळते, तर आर्च या तिसऱ्यात आवृत्त्या सतत वाहत येतात.

दसऱ्याला संगणकाला झेंडूचे फूल वाहण्यास माझी हरकत नाही. ‘लिनक्सला व्हायरस लागतच नाही’ या श्रद्धेला मात्र आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या साध्या साधनात कोणीतरी हेतुपूर्वक चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने घेतला आणि तो चोरदरवाजा सापडला. डेबियनच्या अनस्टेबल व टेस्टिंगमध्ये तो शिरला होता. स्टेबलपर्यंत पोहोचला नव्हता.

म्हणून आईवडिलांच्या संगणकावर मी डेबियन स्टेबल, किंवा उबुंटूच्या पाच वर्षे सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीवर उभे असलेले मिंट घालीन. अगदी नव्या लॅपटॉपला, ज्याचे वायफाय जुने कर्नल ओळखत नाही, फेडोरा अधिक मानवते. आर्च त्यालाच द्यावे, जो अद्यतनापूर्वी सूचना वाचतो. काहीही निवडले तरी ते आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे, आणि वायफाय, आवाज, प्रिंटर व इन्स्क्रिप्टची मराठी कळपाटी चालते अशी खात्री झाल्यावरच जुन्या डिस्कला हात लावावा.