सहा पेन्सांच्या पुस्तकामागचा मुद्रक

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी चित्रपुस्तकांचा विषय निघाला की वॉल्टर क्रेन, रँडॉल्फ कॅल्डिकॉट आणि केट ग्रीनअवे या तीन चित्रकारांची नावं हटकून येतात. या तिघांची गाजलेली पुस्तकं ज्याच्या छापखान्यातून बाहेर पडली, तो एडमंड इव्हान्स मागेच राहतो. मला तरी ही हकिगत त्याच्यापासूनच सांगावीशी वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये मुलांसाठी 'टॉय बुक्स' निघत. कागदी वेष्टनाची, मोजक्या पानांची पुस्तकं, किंमत सहा पेन्स किंवा एक शिलिंग. त्यांतले रंग बऱ्याचदा हातानं, घाईघाईत भरलेले असत. १८२६ साली जन्मलेला इव्हान्स मुळात लाकडावर खोदकाम करणारा कारागीर. रेल्वे प्रवाशांसाठीच्या स्वस्त कादंबऱ्यांची पिवळी वेष्टनं छापता छापता त्याचा रंगांवर हात बसला. पुस्तक स्वस्त म्हणून चित्र भडक, हे त्याला मुळीच मान्य नव्हतं.

१८६५च्या सुमारास त्यानं विशीतल्या क्रेनला हाताशी धरलं. जपानी छापचित्रांवर लुब्ध झालेल्या क्रेननं ठळक काळी रेघ आणि सपाट रंग आणले. पण तो चित्रं एकरकमी विकत असे. खप वाढला तरी त्याच्या पदरात जादा काही पडत नसे.

कॅल्डिकॉटशी व्यवहार वेगळा ठरला. खर्चाची जोखीम इव्हान्सची, चित्रकाराला खपावर रॉयल्टी. १८७८च्या नाताळात पहिली दोन पुस्तकं आली, आणि १८८५पर्यंत दरवर्षी दोन अशी एकूण सोळा झाली. पहिल्या दोनांतल्या 'जॉन गिल्पिन' या विनोदी कवितेच्या पुस्तकातलं एक चित्र भिंगाखाली धरून पाहावं. उधळलेला घोडा, मानेला मिठी मारलेला गिल्पिन, वाटेतली बदकं, हे सगळं गडद तपकिरी रेघेत. त्या रेघेचा एक ठसा, म्हणजे खोदलेला लाकडी ठोकळा. मग चेहऱ्याच्या रंगाचा, तांबडा, निळा, पिवळा, राखाडी असे वेगवेगळे ठसे. एकच कागद पुन्हा पुन्हा यंत्राखाली जायचा आणि दर वेळी ठसा नेमक्या जागी बसावा लागायचा. हे हजारो प्रतींत साधणं मला थक्क करतं.

ग्रीनअवेचं 'अंडर द विंडो' १८७९ साली आलं. इव्हान्सनं पहिल्याच झटक्यात २०,००० प्रती छापल्या. प्रकाशक रूटलेजनं त्याला वेड्यात काढलं, पण दुसरी छपाई तयार होईपर्यंत पहिली संपलीसुद्धा.

१८९२ साली इव्हान्सनं छापखाना मुलांच्या हाती सोपवला. १९०२मध्ये बिअॅट्रिक्स पॉटरचं 'पीटर रॅबिट' याच छापखान्यात रंगीत छापलं गेलं, मात्र फोटोवरून केलेल्या तीनरंगी ठशांनी. लाकूड खोदणाऱ्या कारागिराची त्यात गरजच उरली नव्हती.