स्वतःचा मोडेम घेतला म्हणजे इंटरनेटचा वेग वाढतो का?

‘भाड्याचा मोडेम मुद्दाम संथ ठेवलेला असतो, स्वतःचा घ्या, वेग दुप्पट होईल,’ हा समज ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांत बराच जुना आहे.

केबल मोडेम सुरू होताच सेवा कंपनीकडून एक कॉन्फिगरेशन फाइल उतरवून घेतो आणि वेगाची मर्यादा त्या फाइलमध्ये, म्हणजे आपल्या प्लॅनप्रमाणे, ठरलेली असते. मोडेम कोणाच्या मालकीचा आहे, याने तिच्यात फरक पडत नाही. हा समज अगदीच निराधार मात्र नाही. डॉक्सिस, म्हणजे टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट देण्याच्या तांत्रिक मानकाच्या, २.० या जुन्या आवृत्तीचा मोडेम एकाच चॅनलवर जेमतेम ३८ एमबीपीएसपर्यंत जातो, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर तो बदलल्यास खरोखर फायदा होतो. मॉडेल क्रमांक तळाच्या लेबलवर असतो. त्यावरून प्रकार शोधता येतो.

पडताळणीसाठी वाय-फाय बंद करून लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला जोडावा आणि वेग मोजावा. घणसोलीतील आमच्या घरी असे केल्यावर प्लॅनचा पूर्ण वेग दिसला. बेडरूममध्ये वाय-फायवर मात्र निम्माही मिळत नव्हता, कारण मोडेम टीव्हीच्या कपाटामागे होता आणि मध्ये दोन भिंती होत्या.

खरेदीने वाचते ते भाडे. मोडेमच्या किमतीला मासिक भाड्याने भागल्यास किती महिन्यांत पैसे वसूल होतील ते कळते. पण बिलात भाडे आहे की परत मिळणारी अनामत, हे आधी पाहावे. मॉडेल कंपनीला चालते का आणि त्याचा मॅक क्रमांक (प्रत्येक उपकरणाचा वेगळा ओळख क्रमांक) ती नोंदवून घेईल का, हेही विचारावे. फायबर जोडणी असेल, तर केबल मोडेम तेथे चालतच नाही.