निवृत्त विमाधारक कामगारांसाठी दात आणि डोळ्यांचे उपचार : पात्रता, कागदपत्रे व अर्ज

निवृत्त होताना कामगार भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे कागद नीट पूर्ण करतो, पण ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) कार्ड आता आपल्या कामाचे नाही असे समजून बाजूला ठेवतो. मोतीबिंदू, काचबिंदू आणि हिरड्यांचे विकार मात्र साठीच्या सुमारासच डोके वर काढतात, आणि त्या वयातील विमाधारकासाठी याच योजनेत स्वतंत्र तरतूद आहे.

ही तरतूद कर्मचारी राज्य विमा (केंद्रीय) नियम, १९५० मधील ६१ व्या नियमात आहे. किमान ५ वर्षे विमाधारक राहिल्यानंतर जो कामगार नियत वयोमानानुसार निवृत्त झाला, किंवा ज्याने स्वेच्छानिवृत्ती अथवा मुदतपूर्व निवृत्ती घेतली, त्याला स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. त्यासाठी दरमहा १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये, एकरकमी आगाऊ भरावे लागतात. मुले आणि आईवडील यांना हा लाभ मिळत नाही. वर्गणी भरलेल्या मुदतीत विमाधारकाचे निधन झाले, तर मागे राहिलेल्या जोडीदाराला उरलेल्या मुदतीपर्यंत उपचार मिळतात आणि पुढची वर्गणी भरून ते चालूही ठेवता येतात. कुटुंबाने ही गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी, कारण दुःखाच्या काळात अशा चौकशा होत नाहीत.

पगार २१,००० रुपयांच्या मर्यादेपलीकडे गेल्यामुळे निवृत्तीपूर्वीच योजनेबाहेर पडलेल्या कामगारांचा प्रश्न बरीच वर्षे अनुत्तरित होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना चालवणाऱ्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाने त्यांच्यासाठी शिथिलता मंजूर केली. १ एप्रिल २०१२ नंतर किमान ५ वर्षे विमापात्र (म्हणजे ही योजना लागू असलेल्या) नोकरीत असलेल्या आणि १ एप्रिल २०१७ रोजी किंवा त्यानंतर दरमहा ३०,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर निवृत्त झालेल्या किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या व्यक्तींसाठी ती आहे. या गटात मोडणाऱ्यांनी आपण अपात्र आहोत असे गृहीत धरून घरी बसू नये. शाखा कार्यालयात चौकशी करावी.

अर्ज महामंडळाच्या शाखा कार्यालयात विहित नमुन्यात करायचा असतो. सोबत विमा क्रमांक असलेले ई-पहचान कार्ड, निवृत्तीची तारीख आणि स्वरूप दर्शवणारे मालकाचे प्रमाणपत्र, ५ वर्षांच्या विमापात्र नोकरीचा पुरावा, पतिपत्नीची आधार कार्डे, छायाचित्रे आणि वर्गणी भरल्याची पावती ठेवावी. यांतले मालकाचे प्रमाणपत्र सर्वांत महत्त्वाचे आहे. नोकरी निवृत्तीने संपली, राजीनाम्याने नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले नाही तर अर्ज अडतो, आणि कारखाना बंद पडल्यावर किंवा व्यवस्थापन बदलल्यावर तो मजकूर दुरुस्त करून घेणे अतिशय कठीण जाते. म्हणून शेवटच्या हिशेबाच्या दिवशीच हे पत्र मागून घ्यावे आणि घरी येऊन नव्हे, तिथेच वाचून पाहावे. वर्गणीची मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे, म्हणजे उपचारांत खंड पडत नाही.

लाभ सुरू झाल्यावर पहिली पायरी नेमून दिलेल्या ईएसआय दवाखान्याची असते. तेथील डॉक्टर दंत किंवा नेत्र विभाग असलेल्या कामगार विमा रुग्णालयात पाठवतात, आणि आवश्यक ती शस्त्रक्रिया तिथे होत नसेल तर बाहेरच्या रुग्णालयासाठी लेखी संदर्भचिठ्ठी मिळते. ही चिठ्ठी न घेता परस्पर खाजगी दवाखान्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा दातांचे काम करून घेतल्यास खर्चाची परतफेड गृहीत धरता येत नाही.

उपचार आणि उपकरण यांत मात्र फरक करावा लागतो. चष्मा किंवा कवळी स्वखर्चाने घेऊन नंतर बिल सादर करण्याऐवजी ईएसआयकडून ती मिळेल का, हे आधी लेखी विचारावे आणि इतर योजनाही पाहाव्यात. महाराष्ट्रातील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. अर्ज समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात आधार कार्ड, बँक पासबुक, छायाचित्रे आणि स्वयंघोषणापत्रासह द्यायचा असतो, आणि खरेदीचे देयक नंतर सादर करावे लागते, त्यामुळे दुकानातून पक्की पावती घ्यावी. कवळीसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना अधिक उपयोगी आहे. ६० वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्या ज्येष्ठांना शिबिरांत तपासणी करून कवळी आणि चष्मा विनामूल्य दिले जातात.

सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे वय वंदना कार्डही काढता येते आणि ईएसआयचा लाभ चालू असला तरी त्याला आडकाठी नाही. हे कार्ड रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे; दात भरणे किंवा चष्म्याचा नंबर काढणे यांसाठी ईएसआयचाच दवाखाना गाठावा लागेल.