मामा तलाव, खोत आणि मुंतखब

भंडारा-गोंदियाकडे गावाच्या वरच्या अंगाला मातीची लांब पाळ दिसते आणि पाळीखाली धानाच्या बांध्या. या तळ्यांना सगळे ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. सांगली-साताऱ्याच्या माणसाला हा शब्द उलगडून सांगावा लागतो, कारण त्याच्याकडे मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनदार, कधी नव्हताच. महाराष्ट्राचे विभाग समजून घ्यायचे तर नकाशाइतकेच जमिनीचे कागद चाळावेत, असं मला मनापासून वाटतं.

पहिली रेघ अर्थात निसर्गाने ओढली. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका पाचशेच्या आसपास भागवतो. दख्खनचा काळा कातळ नागपूरच्या आसपास संपतो. त्याच्या अलीकडे कापसाची काळी माती, पलीकडे जुने खडक, भरपूर पाऊस आणि भात.

दुसरी रेघ राज्यकर्त्यांची. देशावर इंग्रजांनी रयतवारी आणली. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात तिची मोजणी सुरू झाली. शेतकरी सारा थेट सरकारात भरू लागला. कोकणात मात्र मध्ये खोत, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणारा मध्यस्थ, टिकून राहिला. त्याच्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरीत कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं संप केला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, पण कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

विदर्भ हे नाव आपण एका दमात घेतो, पण त्याच्या पोटात दोन प्रदेश आहेत. वऱ्हाड निजामाचं. ते १८५३ मध्ये त्याच्या देण्यापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि तिथे मुंबईच्या धर्तीवर रयतवारी आली. नागपूर भोसल्यांचं. ते १८५४ मध्ये खालसा झालं आणि पुढे तिथे मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. १९०३ मध्ये दोन्ही एकाच प्रांतात आले, तरी दप्तराची वळणं वेगळीच राहिली. तळी त्याहून जुनी. पाण्याचा उतार ओळखून पाळ घालण्याचं कसब कोहळी समाजाचं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली आणि गाळ कुणी काढायचा हा प्रश्न लोंबकळत राहिला. कितीतरी तळी त्यातच उथळ झाली. एवढी शहाणी व्यवस्था अशी हातची जाऊ देणं मला फार लागतं.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इनामी जमिनीचा तिथला कागद म्हणजे मुंतखब. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं गाठावी लागली. तिकडच्या कुटुंबाला आपल्याच पणजोबाची नोंद स्वतः वाचता येत नाही, हे पुणेकराच्या सहसा ध्यानात येत नाही.

ही सगळी दप्तरं एकत्र येणार म्हणून १९५३ मध्ये नागपूर करार झाला. राजधानीपण सोडणाऱ्या नागपूरला दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन मिळालं. १९५६ मध्ये विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. विभागांमधली तूट मोजण्याचं काम दांडेकर समितीने केलं. १९८४ च्या तिच्या अहवालाने ‘अनुशेष’ हा शब्द घरोघरी पोहोचवला. मग १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.